परिचारिकांची माहिती-साक्षरता आणि तिची कसोटी

रुग्णालयांत रात्रीचे दोन वाजतात, तेव्हां डॉक्टर वॉर्डांत असतीलच असें नाहीं. परिचारिका मात्र असते. सलाईनचे थेंब मोजणें, औषधाची वेळ सांभाळणें, ताप चढला कीं उतरला तें चार्टावर मांडणें, हीं तिचीं कामें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. पण याच वेळीं ती आणखी एक काम करीत असते आणि तें सहसा कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं. समोर आलेली नवी गोळी जेवणापूर्वीं द्यावयाची कीं नंतर? दोन औषधें एकाच नळींतून सोडलीं तर चालतील काय? म्हाताऱ्या रुग्णाच्या पाठीवर लाली दिसते, ती साधी कीं धोक्याची? अशा प्रश्नांचीं उत्तरें तिला कोठून तरी मिळवावीं लागतात. तीं ती कोठून मिळविते, मिळालेलें उत्तर विश्वासार्ह आहे हें कशावरून ठरविते आणि समोरच्या रुग्णाला तें लागू पडतें कीं नाहीं याचा विचार कसा करते, यावर त्या रुग्णाचें बरेंवाईट अवलंबून असतें. या सर्व व्यवहाराला अलीकडे ‘माहिती-साक्षरता’ असें नांव मिळालें आहे. परिचर्या शिकणाऱ्या विद्यार्थिनींच्या अंगीं ही साक्षरता कितपत आली आहे, हें मोजावें कसें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. या व्यवसायांत आतां तरुणहि येऊं लागले आहेत. येथें विद्यार्थिनी म्हटलें तरी त्यांत तेहि आले असें समजावें.

हें नांव १९७४ सालीं अमेरिकेंत पॉल झुर्कोव्स्की यांनीं प्रथम योजिलें. पुढें १९८९ सालीं तेथील ग्रंथालय-संघटनेच्या एका समितीनें त्याचा अर्थ निश्चित केला. माहितीची गरज केव्हां आहे हें ओळखणें, ती शोधून काढणें, तिची पारख करणें आणि ती योग्य कामीं लावणें, या चार गोष्टी ज्याला साधतात तो माहिती-साक्षर, असा त्या व्याख्येचा आशय आहे. २०१३ सालीं महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या अमेरिकन संघटनेनें खास परिचर्येच्या शिक्षणासाठीं या कौशल्यांचीं परिमाणें प्रसिद्ध केलीं. यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. मोबाईलवर झरझर बोट फिरवितां येणें म्हणजे माहिती-साक्षरता नव्हे. बाजारांत जाण्याचा रस्ता ठाऊक असणें निराळें आणि भाजी पारखून घेतां येणें निराळें.

परिचर्येच्या क्षेत्राला ही विद्या अगदींच नवी आहे असेंहि नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हें नांव उच्चारतांच लोकांच्या डोळ्यांपुढें हातांत दिवा घेतलेली स्त्री उभी राहते. वस्तुतः आंकड्यांची वहीहि तिला तितकीच शोभली असती. १८५४ च्या नोव्हेंबरांत ती स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयांत पोंचली. युद्धावरून परतल्यावर तिनें मृत्यूंच्या नोंदींची कसून छाननी केली. रणांगणावरील जखमांपेक्षां टाळतां येण्याजोग्या रोगांनींच अधिक शिपाई दगावले, हें तिनें १८५८ सालीं रंगीत आकृत्या काढून राज्यकर्त्यांच्या गळीं उतरविलें. लंडनच्या सांख्यिकी संस्थेची पहिली स्त्री-सभासद होण्याचा मानहि तिलाच मिळाला. हिंदुस्थानांत तिनें कधींहि पाऊल टाकलें नाहीं. तथापि येथील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठीं जें कमिशन नेमलें गेलें, त्याच्या प्रश्नावली तयार करण्यांत तिचा हात होता. त्या प्रश्नावली ठिकठिकाणच्या छावण्यांकडे गेल्या आणि आलेल्या उत्तरांवरून तिनें १८६३ सालीं आपलीं निरीक्षणें मांडलीं. योग्य प्रश्न विचारणें आणि आलेलें उत्तर पारखून घेणें हें परिचारिकेचें काम आहे, हा धडा तिनें स्वतःच्या उदाहरणानें घालून दिला आहे.

आपल्याकडे १९०९ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनानें, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं, ससून रुग्णालयाच्या साहाय्यानें स्त्रियांना परिचर्येचें शिक्षण मिळवून दिलें. त्या काळीं कुलीन घरांतील स्त्रीनें रुग्णालयांत पाऊल टाकावें कीं नाहीं, हाच मोठा प्रश्न होता. तो प्रश्न आतां मागें पडला आहे. आज परिचर्येची पदवी चार वर्षांची आहे, आणि भारतीय परिचर्या परिषदेनें २०२१ पासून लागू केलेल्या सुधारित अभ्यासक्रमांत संशोधन व संख्याशास्त्र यांजबरोबर आरोग्य-माहितीशास्त्र हाहि विषय आहे. विषय अभ्यासक्रमांत आला, हें ठीकच झालें. परंतु अभ्यासक्रमांत आलेला विषय विद्यार्थ्यांच्या अंगीं आलाच असें होत नाहीं, हें शिक्षणाशीं ज्यांचा संबंध आला आहे त्यांना सांगावयास नको.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी म्हणेल. पाठ्यपुस्तक नीट वाचलें, ज्येष्ठ सिस्टरनें सांगितलें तसें केलें, म्हणजे पुरे नाहीं काय? याचें उत्तर एका दुःखद हकीकतींत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढें कित्येक दशकें युरोप-अमेरिकेंत तान्ह्या मुलांना पालथें निजवावें असा सल्ला दिला जात असे. नामांकित डॉक्टरांच्या पुस्तकांत तो छापलेला होता आणि प्रसूतिगृहांतील परिचारिका तोच कित्ता आयांना घालून देत. दरवर्षीं हजारों निरोगी बालकें झोपेंत अचानक मरत होतीं आणि कारण उमगत नव्हतें. अखेर पालथें निजविण्यांतच धोका आहे हें मान्य झालें. १९९१ सालीं इंग्लंडांत व १९९४ सालीं अमेरिकेंत मुलांना उताणें निजविण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढील कांहीं वर्षांत असे मृत्यु निम्म्याहून खालीं आले. २००५ सालीं कांहीं संशोधकांनीं जुन्या सर्व अभ्यासांची एकत्र मांडणी करून पाहिली. तेव्हां आढळलें कीं, १९७० च्या सुमारासच पुरेसा पुरावा उपलब्ध होता. तो वेळींच एकत्र केला असता तर एकट्या ब्रिटनमध्यें १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून निदान ५०,००० बालकें वांचलीं असतीं, असा त्यांचा अंदाज आहे. येथें कोणी निष्काळजी नव्हतें. माता प्रेमळ होत्या, परिचारिका दक्ष होत्या, पुस्तकें प्रतिष्ठित होतीं. उणीव एवढीच राहिली कीं, जें सांगितलें जातें त्याला आधार काय, हें विचारून पाहण्याची रीत पडली नव्हती.

तेव्हां माहिती विखुरलेली होती. आज ती अतोनात झाली आहे, आणि या विपुलतेंत निराळाच धोका आहे. २२ मे २०२० रोजीं ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत एक निबंध आला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हें मलेरियावरील जुनें औषध करोनाच्या रुग्णांस दिलें असतां मृत्यूंचें प्रमाण वाढतें, असा त्याचा निष्कर्ष होता. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि आपल्या चाचणींतील त्या औषधाचा भाग कांहीं काळ थांबविला. लवकरच जाणत्यांनीं शंका घेतल्या. मूळ आंकडे तपासावयास मागितले, ते मिळेनात. आणि ४ जून रोजीं, म्हणजे अवघ्या तेरा दिवसांत, निबंध मागें घेण्यांत आला. पुढें झालेल्या चांगल्या चाचण्यांतून त्या औषधाचा करोनावर उपयोग नाहीं असें दिसून आलें, ही गोष्ट वेगळी. निष्कर्ष कांहींहि असो, तो ज्या पायावर उभा आहे तो पाहिलाच पाहिजे, हें येथें शिकण्यासारखें आहे. नियतकालिक मोठें म्हणून लेख खरा, असें म्हणतां येत नाहीं. मग व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या संदेशाची कथा काय सांगावी!

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हें कौशल्य मोजावयाचें कसें? याच्या तीन रीती प्रचारांत आहेत.

पहिली रीत सर्वांत सोपी, आणि म्हणूनच सर्वांत लोकप्रिय. विद्यार्थिनीच्या हातीं एक प्रश्नावली द्यावयाची. ‘तुम्हांला इंटरनेटवर माहिती शोधतां येते काय?’, ‘माहितीची विश्वसनीयता ठरवितां येते काय?’ असे प्रश्न, आणि पुढें ‘उत्तम’, ‘बरें’, ‘मध्यम’ अशीं घरें. तिनें खुणा करावयाच्या आणि महाविद्यालयानें बेरीज करावयाची. पण या रीतीनें मोजला जातो तो विद्यार्थिनीचा आत्मविश्वास. तिचें कौशल्य बाजूलाच राहतें. १९९९ सालीं अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठांतील दोन मानसशास्त्रज्ञांनीं, क्रुगर आणि डनिंग यांनीं, तर्क, व्याकरण इत्यादि विषयांच्या परीक्षा घेतल्या आणि प्रत्येकाला आपला अंदाजहि विचारला. जे शंभरांत सरासरीनें बाराव्या पायरीवर होते, ते स्वतःला बासष्टाव्या पायरीवर समजत होते. या प्रयोगाचा नेमका अर्थ काय यावर पुढें पंडितांत वाद झाले. परंतु स्वतःच्या योग्यतेविषयींचा स्वतःचा अंदाज ही भरंवशाची मोजपट्टी नव्हे, एवढें त्यावरून खास दिसतें. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही आपल्याकडील जुनी म्हण हेंच सांगते. उलट जी विद्यार्थिनी खरोखर पुष्कळ वाचते, तिला आपलें अज्ञान दिसूं लागतें आणि ती नम्रपणें ‘मध्यम’ या घरांत खूण करून मोकळी होते!

दुसरी रीत म्हणजे चार पर्यायांतून एक उत्तर निवडण्याची लेखी परीक्षा. ही पहिलीपेक्षां बरी. कारण येथें उत्तर चूक कीं बरोबर हें परीक्षक ठरवितो. शेंकडों विद्यार्थिनींची परीक्षा एका दिवसांत होते आणि एका महाविद्यालयाची दुसऱ्याशीं तुलनाहि करतां येते. पण हिची मर्यादा उघड आहे. चार पर्यायांतील योग्य पर्याय ओळखणें आणि अफाट पसाऱ्यांतून तो स्वतः शोधून काढणें यांत फार अंतर आहे. शिवाय अशा परीक्षेची घोकंपट्टी चटकन् होते. ‘विश्वसनीय माहितीचीं पांच लक्षणें’ विद्यार्थिनी तोंडपाठ म्हणून दाखविते आणि घरीं जाऊन आईला पहिल्याच जाहिरातींतलें औषध सुचविते.

तिसरी रीत प्रत्यक्ष कृतीची. पोहणें येतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं जसें पाण्यांत उतरवावें लागतें, तसें येथें विद्यार्थिनीपुढें वॉर्डांतला खराखुरा प्रसंग ठेवावयाचा आणि तिचा शोध पायरीपायरीनें तपासावयाचा. २००३ सालीं कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो येथील शिक्षकांनीं डॉक्टरांसाठीं अशी एक परीक्षा प्रसिद्ध केली. तींत रुग्णाचा प्रसंग सांगून उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहावयास लावतात आणि गुण कसे द्यावेत याचा तक्ता परीक्षकाजवळ असतो. १९७५ सालीं स्कॉटलंडमधील डंडी येथें रोनाल्ड हार्डेन यांनीं टेबलाटेबलावर निरनिराळें काम देऊन घ्यावयाची प्रात्यक्षिक परीक्षा प्रचारांत आणली, तीहि याच जातीची होय.

श्रोतेहो, अशी परीक्षा कशी असावी याचा एक नमुना पाहूं. समजा, सत्तर वर्षांची एक बाई मांडीचें हाड मोडल्यामुळें अंथरुणाला खिळली आहे. माकडहाडाजवळची कातडी लालसर दिसते. वॉर्डाची जुनी वहिवाट अशी कीं, तेथें स्पिरिट लावून चांगलें चोळावें, वर पावडर टाकावी आणि खालीं हवेची रबरी चकती द्यावी. विद्यार्थिनीला विचारावयाचें, ‘तुम्ही काय कराल, आणि कशाच्या आधारें?’ तिच्यापुढें चार कागद ठेवावयाचे : एक तीस वर्षांपूर्वींचें पाठ्यपुस्तक, एक चकती विकणाऱ्या कंपनीचें माहितीपत्रक, एक मोबाईलवर आलेला घरगुती उपाय, आणि युरोप, अमेरिका व प्रशांत महासागराच्या परिसरांतील तज्ज्ञ-संस्थांनीं मिळून २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना. या सूचनांत धोक्यांत असलेली कातडी जोरानें चोळूं नये आणि चकतीसारखीं मध्यें पोकळ असलेलीं आसनें टाळावींत असें सांगितलें आहे. कारण सरळ आहे. हाड आणि बिछाना यांच्यामध्यें दबलेल्या मांसाचा रक्तपुरवठा तुटतो, त्यामुळें तेथील पेशी मरूं लागतात. अशा जागीं चोळलें तर इजा वाढते, आणि चकतीची कड भोंवतालीं नवा दाब निर्माण करते. खरा उपाय म्हणजे दाब काढून घेणें, रुग्णाची कूस वेळोवेळीं बदलणें.

आतां गुण द्यावयाचे कसे? एकूण वीस गुण धरले तर नीट प्रश्न मांडण्याला चार असावेत. ‘बेडसोर’ एवढाच शब्द लिहून शोध करणारी विद्यार्थिनी आणि ‘अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध रुग्णाची लाल झालेली कातडी चोळल्यानें व्रण टळतो कीं वाढतो’ असा प्रश्न मांडणारी विद्यार्थिनी, यांच्यांत येथेंच फरक पडतो. शोध कोठें व कसा केला याला चार. चारहि कागदांची पारख करून कोणता कां मानावा व कोणता कां सोडावा हें सांगण्याला सहा. तें ज्ञान याच बाईला लावून पाहण्याला तीन. आणि बाईच्या मुलीला सोप्या मराठींत समजावून सांगण्याला तीन.

यांतील चौथा भाग विशेष मोलाचा आहे. लालीवर बोट दाबून ती पांढुरकी होते कीं नाहीं हें पाहावें, असें पुस्तकांत असतें. पण पुष्कळशा पुस्तकांतील चित्रें गोऱ्या कातडीचीं असतात. सांवळ्या अंगावर लाली लवकर दिसत नाहीं. तेथें ती जागा आसपासच्या कातडीहून अधिक गरम, थंड, टणक किंवा मऊ लागते काय, दुखते काय, हें हातानें पाहावें लागतें. जी विद्यार्थिनी हें लक्षांत घेते, तिला माहिती नुसती मिळाली नाहीं, पचली आहे, असें समजावें.

पांचवा भागहि सहज सोडून देण्यासारखा नाहीं. महाराष्ट्रांतील पुष्कळ विद्यार्थिनी मराठी शाळांतून येतात आणि परिचर्येचीं पुस्तकें व संशोधनें बहुशः इंग्रजींत असतात. अशा विद्यार्थिनीनें इंग्रजी निबंध अडखळत वाचला, तर ती माहिती-साक्षर नाहीं असा निकाल देणें अन्यायाचें होईल. परीक्षा इंग्रजीची नाहीं, पारखेची आहे. म्हणून उत्तर मराठींत लिहिण्याची मुभा असावी. उलट फाडफाड इंग्रजी बोलणारी, परंतु कंपनीच्या माहितीपत्रकालाच शास्त्र समजणारी विद्यार्थिनी या कसोटीवर मागें पडली पाहिजे.

अशा परीक्षेवर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, हिला वेळ फार लागतो आणि परीक्षकांच्या मतांत फरक पडतो. आक्षेप खरा आहे. परंतु गुणांचा तक्ता आधीं ठरवून दोन परीक्षकांनीं स्वतंत्रपणें तपासणी केली, तर हा दोष बराच कमी होतो. वर्षांतून दोनदां, प्रवेशाच्या वेळीं आणि शिकवणीनंतर, अशी परीक्षा घेतली तर काय सुधारलें हें कळतें. आणि सहा महिन्यांनीं पुन्हां एकदां घेतली तर काय टिकलें हेंहि कळतें. तास झाल्याबरोबर घेतलेल्या परीक्षेंत सर्वजणी हुशार ठरतात. पी हळद आणि हो गोरी, असा हा व्यवहार नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. समजा, विद्यार्थिनीनें चोळूं नये हें शोधून काढलें, आणि दुसऱ्या दिवशीं वॉर्डांत तिला उत्तर मिळालें कीं, ‘आमच्याकडे वर्षानुवर्षें असेंच करतात’. मग तिच्या साक्षरतेचा उपयोग काय? याचा अर्थ असा कीं, कसोटी एकट्या विद्यार्थिनीची घेऊन भागत नाहीं. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत चालू नियतकालिकें नाहींत, जेथें ग्रंथपाल पुस्तकांच्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळण्यापुरताच ठेवला आहे, जेथें शिक्षकच दहा वर्षांपूर्वींच्या टिपणांवरून शिकवितात, तेथें विद्यार्थिनीला कमी गुण पडले तर दोष कोणाचा? १ जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण-संस्थांसाठीं ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना सुरू झाली, आणि तिच्या द्वारें सुमारें १३,००० संशोधन-नियतकालिकें ६,३०० हून अधिक संस्थांना खुलीं करण्याचें योजिलें गेलें. खजिन्याचें दार उघडलें ही चांगली गोष्ट झाली. परंतु आंत शिरून काय उचलावें हें शिकविणारा माणूस लागतोच. म्हणून परीक्षेचा निकाल विद्यार्थिनीच्या कपाळीं शिक्का मारण्यासाठीं वापरूं नये. वर्गांतील बहुतेकींनीं पारखेच्या सहा गुणांपैकीं दोनच मिळविले असतील, तर शिकवणींत कोठें खड्डा आहे तें त्यावरून कळतें, आणि तो बुजविण्याचें काम शिक्षकांचें व संस्थेचें असतें.

राहतां राहिला तो रुग्णांचा व त्यांच्या घरच्यांचा भाग. सुशिक्षित घरांतून परिचारिकेविषयीं एक विचित्र अपेक्षा असते. तिनें विचारल्याबरोबर ताडकन् उत्तर द्यावें; ती ‘पाहून सांगते’ म्हणाली, कीं हिला कांहीं येत नाहीं असा ग्रह होतो, आणि घरचा कोणी तरी मोबाईलवर पाहिलेलें तिला ऐकवूं लागतो. वास्तविक आपल्याला काय ठाऊक नाहीं हें ओळखणें ही माहिती-साक्षरतेची पहिली पायरी आहे. चुकीचें उत्तर तत्काळ मिळण्यापेक्षां बरोबर उत्तर पांच मिनिटांनीं मिळणें रुग्णाच्या हिताचें असतें. ही परीक्षा महाविद्यालयांत जेव्हां होईल तेव्हां होवो. पण रुग्णाच्या खाटेजवळ बसलेल्या माणसाला आजहि एक गोष्ट करतां येण्यासारखी आहे. परिचारिका ‘पाहून सांगते’ म्हणाली, तर तिला तेवढा वेळ द्यावा. आणि ती परत येऊन सांगेल तेव्हां ‘हें कोठें पाहिलेंत?’ असें आदरानें विचारावें. तिला त्याचें उत्तर देतां आलें, तर तो रुग्ण चांगल्या हातांत आहे असें खुशाल समजावें.